मागच्या रांगेला उशिरा पोचलेलं गाणं

गफ्फार, तुझ्या दुकानातल्या त्या दोन स्पीकरच्या पेट्या मी घेऊन आलो. न विचारता नाही आणल्या. तुझ्या जियारतीला, म्हणजे तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, नांदेडला आलो होतो. दुकानासमोर खुर्च्या मांडलेल्या होत्या, त्यावर तुझे मामा, चुलते, मंडपवाले, लायटिंगवाले, अख्ख्या जिल्ह्यातले माईकवाले बसले होते. सगळे इतकं हळू बोलत होते की शेजारच्याचं शेजारच्याला कळत नव्हतं. इतके माईकवाले एका जागी आणि आवाज नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तू असतास तर मला कोपर मारून हसला असतास.

निघताना शाहीनभाभी दाराआडून म्हणाल्या, "भाई, ते दोन डब्बे तेवढे घेऊन जा. हैदराबादवाल्याचा दोनदा फोन आला, एक ठेवा अन् एक परत करा म्हणून. मला काय कळतं त्यातलं? तुमच्या दोघांचं भांडण हाय ते, तुम्हीच मिटवा."

भांडण मिटवायला दोघं लागतात, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो? पेट्या गाडीत घातल्या आणि लातूरचा रस्ता धरला. लोह्याला चहासाठी गाडी आपोआप थांबली. मग उतरलोच नाही. तू कायम म्हणायचास, भेटायचं तर लोह्याला भेटू, अर्धी वाट तुझी, अर्धी माझी. बारा वर्षं मी तुझं ते अर्ध्याचं गणित ऐकून घेतलं. लोहा नांदेडच्या नाकासमोर आहे आणि लातूरहून येताना माझी कंबर मोडते, हे तुला ठाऊक होतं. हॉटेलवाल्यालाही ठाऊक होतं. तो मला आधी पाणी द्यायचा आणि तुला नंतर.

आपलं काम काय, हे तुला सांगायची गरज नाही. पण हे दुसरंही कोणी वाचेल, म्हणून लिहितो. सिनेमातलं गाणं शूटिंगच्या दिवशी कोणी गात नाही. ते आधीच रेकॉर्ड होऊन आलेलं असतं. सेटवर ते मोठ्यानं वाजवायचं, नटनट्यांनी त्यावर ओठ हलवायचे, नाचणाऱ्यांनी पाय टाकायचे. ते वाजवणारा तू होतास. सेटवर जे बोललं जातं ते पकडणारा, म्हणजे साऊंड रेकॉर्डिस्ट, मी. लोकांना वाटतं, वाजवण्यात काय आहे, बटण दाबलं की झालं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पुण्याहून कोर्स करून आलो होतो ना, डोक्यात हवा होती.

पहिल्यांदा तुझ्याबरोबर पेटी घ्यायला गेलो तो दिवस आठवतो. दुकानदार पुढून जाळी दाखवत होता, दिवे लावून दाखवत होता, आणि तू पेटी फिरवून तिची पाठ बघत होतास. बैल घेताना दात बघतात तसं. वायर घालायची जागा कुठं आहे, ती ढिली आहे का, बॅटरी स्क्रू काढून बदलता येते की पेटीच फोडावी लागते, धूळ कुठून आत जाईल, उचलायला कडी एक आहे की दोन. हे सगळं झाल्यावर मग तू पुढून बघितलंस. दुकानदारानं एक जोरकस गाणं लावलं, काउंटरवरचे पेले हलायला लागले. मी खूश. तू म्हणालास, "ढम ढम घेऊन काय करायचं, बाला? हिरोईनला ओठ हलवायचेत. तिला शब्द पायजेत."

मग खिशातून तो पेनड्राईव्ह काढलास. त्यात गाणं नव्हतंच. तुझाच आवाज होता, कुठल्यातरी लग्नाच्या मंडपातला. 'ज्या पाहुण्यांची झाकणाची स्टीलची डबी मंडपात राहिली असेल, त्यांनी स्टेजजवळ येऊन, खूण पटवून घेऊन जावी.' एवढंच, पुन्हा पुन्हा. ज, झ, स, ड, सगळं त्यात आलं, असं तुझं म्हणणं. ते लावून तू पेटीकडं पाठ करायचास आणि चालत सुटायचास. बाजार ओलांडून, रिक्षा स्टँड ओलांडून. जिथं 'झाकणाची' हा शब्द कळेनासा होईल, तिथं उभं राहून हात वर करायचास. तेवढी त्या पेटीची लायकी. मी ढीगभर कागद वाचून जे ठरवायचो ते तुझ्या त्या हात वर करण्यापुढं कधी टिकलं नाही, आणि हे मी कधी कबूल केलं नाही. नाकावर राग आणि जिभेवर इंग्रजी, दोन्ही माझ्याकडं भरपूर होतं.

चांगल्या जागी सगळेच डब्बे गातात, असं तुझं एक वाक्य होतं. पेटी बघायची ती वाईट जागी बघायची.

त्या वाईट जागेकडं आता मला यावंच लागेल. दोन वर्षं मी टाळलं. तू गेल्यावर टाळण्यात अर्थ उरला नाही.

अर्धापूरचा तो केळीचा मळा. आपला पहिला मोठा सिनेमा. म्हणजे माझा पहिला मोठा. तू लग्नं, जलसे, निवडणुका, सगळं करून आलेला, तुला मोठं-लहान असं काही नव्हतं. मी त्या कामासाठी एक नवी पेटी घेतली होती, तुला न विचारता. हलकी, खांद्याला पट्टा, ब्लूटूथवर चालणारी. पुढं हिरो-हिरोईन आणि मुंबईहून आलेले नाचणारे. मागं, मळ्याच्या पार टोकाला, गावातल्या आठ बायका, डोक्यावर टोपल्या घेऊन ठेक्यात चालणाऱ्या, मधेच टाळी देणाऱ्या. पुढच्यांसाठी तुझी जुनी पेटी, वायरवर. मागच्यांसाठी माझी नवी, बिनवायरची.

तू म्हणालास, मागच्यालाही वायर टाकू. मी म्हणालो, एवढ्या चिखलातून, ठिबकच्या नळ्यांमधून वायर कोण ओढणार, फ्रेममध्ये दिसेल, जमाना कुठं गेलाय आणि तू कुठं आहेस. चारचौघांत म्हणालो. तू वायरचं भेंडोळं परत टेम्पोत टाकलंस.

ब्लूटूथवर आवाज जरा थांबून येतो, हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. पाव सेकंद म्हण. घरी गाणी ऐकताना कोणाला कळतही नाही. पण एक पेटी वायरवर आणि दुसरी ब्लूटूथवर ठेवली, तर पुढच्यांची टाळी आधी पडते आणि मागच्यांची नंतर. मी तेव्हा कॅमेऱ्याजवळ उभा होतो. तिथून मागचा आवाज मळ्यात घुमल्यासारखा वाटत होता. केळीत घुमत नाही, पानं आवाज खाऊन टाकतात, हेही मला ठाऊक होतं. पण आपल्या हातानं घेतलेली पेटी चुकते, हे माणसाला एकदम सुचत नाही.

चार टेक झाले. मागची रांग दर वेळी मागं. डायरेक्टरचा पारा चढत गेला. पाचव्या टेकनंतर त्यानं भोंग्यावरून विचारलं, तुम्हाला ताल कळतो की नाही? तेव्हा त्या आठजणींमधल्या सुमनबाई पुढं आल्या. काळ्यासावळ्या, उंच, पदर खोचलेला. अगदी शांतपणे म्हणाल्या, "सायब, गाणं आमच्याकडं उशिरा येऊन राहिलंय."

डायरेक्टर म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. सगळं युनिट हसलं.

मीही हसलो, गफ्फार. ते तू पाहिलं होतंस का, हे मला कधी विचारता आलं नाही. तिथं अंगण खरंच वाकडं होतं आणि ते वाकडं मी केलं होतं.

आठही जणींना परत पाठवलं. ड्रेसवाल्यानं तिथंच, टेम्पोच्या आडोशाला, त्यांच्या अंगावरच्या नव्या साड्या काढून घेतल्या आणि त्या आपापल्या कपड्यांत, केळीच्या रांगांमधून निघून गेल्या. गावात आठ दिवसांपासून सांगत होत्या म्हणे, आम्ही सिनेमात आहोत.

जेवणाच्या सुट्टीत सगळे ताटं घेऊन बसले आणि तू मळ्याच्या टोकाला चालत गेलास. मी लांबून पाहत होतो. तू गाणं लावून माझ्या पेटीजवळ उभा राहिलास, मग दोन्ही पेट्यांच्या मधोमध, मग पुन्हा पेटीजवळ. परत येऊन माझ्या शेजारी बसलास. आवाज न चढवता म्हणालास, "बाला, मागचा डब्बा उशिरा बोलून राहिलाय. बायांचं काही चुकलं न्हाई. जा, सांगून ये. अजून लांब गेल्या नसतील."

मी म्हणालो, जेवण तर होऊ दे.

जेवण झालं. मग वाटलं, आता त्या गेल्याच आहेत, सांगून काय होणार. मग वाटलं, पहिलं मोठं काम, रेकॉर्डिस्टला ब्लूटूथचं एवढंही कळत नाही असं झालं तर पुन्हा लातूरच्या शाळांची स्नेहसंमेलनंच करत बसावी लागतील. भीती वाटली, हे खरं कारण. बाकी सगळं त्यावर घातलेलं पांघरूण.

संध्याकाळी कॅमेरामननं पडद्यावर पाहिलं तर मागं उभे केलेले मुंबईचे दोन नाचणारेही उशिरा टाळी देत होते. त्यांना तर ताल कळत नाही असं म्हणायची सोय नव्हती. डायरेक्टर आपल्याकडं आला आणि विचारलं, ही पेटी कुणी लावली? मी माझ्या रेकॉर्डरची बटणं बघायला लागलो. काही बघण्यासारखं नव्हतं तिथं. तू म्हणालास, "माझी चूक झाली, सर. वायर टाकायला पायजे होती."

एवढंच. दुसऱ्या दिवशी गाणं वाजवायला औरंगाबादहून दुसरा माणूस आला. त्या डायरेक्टरनं पुढचा सिनेमा केला तेव्हा मला बोलावलं, तुला नाही. आणि मी गेलो. दोन महिने लातूरच्या आसपासच काम होतं, तू घरी होतास आणि मी रोज दुसऱ्याच्या पेटीवर गाणी ऐकत होतो. तिथून तुला फोन करायचो, आज काय जेवलास, नांदेडात ऊन किती. तूही सांगायचास. एकदाही तू म्हणाला नाहीस की बाला, तोंड उघडलं असतंस तर मी तिथं असतो.

का नाही म्हणालास, याची मी किती उत्तरं काढली. एक असं की लाऊडस्पीकरवाल्याला शिव्या खायची सवय असते. लग्नात नवरी जास्त रडली तरी माईकवाल्याला ओरडतात, हे तुझंच वाक्य. दुसरं असं की तू विसरलास. ही दोन्ही उत्तरं माझ्या सोयीची होती. सोयीचं उत्तर मिळालं की माणूस पुढं विचारत नाही, मीही विचारलं नाही.

आणि मग या दोन पेट्या. नव्या सिनेमाचं काम आपल्या दोघांना मिळालं होतं, वेगळा डायरेक्टर, वेगळी माणसं. हैदराबादवाल्यानं दोन पेट्या बघायला पाठवल्या. एक मोठी, जड, दोन कड्यांची, शब्द काचेसारखा स्वच्छ. दुसरी हलकी, बॅटरी दिवसभर चालणारी, ब्लूटूथची, पण पाठीला वायरची जागाही असलेली. तू म्हणालास, मोठी. मी म्हणालो, हलकी. महिनाभर फोनवर भांडलो. मी किलो सांगत होतो, बॅटरीचे तास सांगत होतो, तू 'झाकणाची' सांगत होतास.

आता ऐक, मला हलकी का हवी होती. मागच्या दोन कामांत मी पाहिलं होतं, पेटी उचलून पन्नास पावलं गेलास की तू थांबायचास, वायर सोडवतोय असं दाखवायचास. वायर गुंतलेली नसायची. तुला धाप लागत होती. मला हलकी पेटी हवी होती ती तुझ्यासाठी. हे एक वाक्य बोललो असतो तर भांडण तिथंच संपलं असतं, तू कदाचित डॉक्टरकडंही गेला असतास. पण आपण तसे नाही ना बोलत. मी तुला किलोचे आकडेच सांगत राहिलो.

आणि तुला वाटलं, याला अजून अक्कल आली नाही. शेवटच्या फोनला तू म्हणालास, "अजून तुला ब्लूटूथच पायजे का, बाला?" दोन वर्षांत तेवढा एकदाच तू त्या गोष्टीला हात लावलास, आणि तोही असा, बोटाच्या टोकानं. मला मिरच्या झोंबल्या. म्हणालो, घे तुला काय घ्यायचं ते, आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी तू जेवून आडवा झालास आणि भाभी चहासाठी उठवायला गेल्या तेव्हा उठला नाहीस.

मी तो फोन पुन्हा करणारच होतो. हे तुला खरं वाटतं का, मला माहीत नाही. मला स्वतःलाही रोज खरं वाटत नाही.

लातूरला गच्चीवर दोन्ही पेट्या वाजवून पाहिल्या. दोन्ही छान. चांगल्या जागी सगळेच डब्बे गातात. मग परवा सकाळी गाडी काढली आणि सरळ अर्धापूर गाठलं. त्या मळ्याच्या मालकाला फोन केला होता, ते म्हणाले, या, पण आज बाया कामावर आहेत, त्यांच्या पायात वायरी आणू नका. केळीत आवाज मरतो, म्हणून पेटीची परीक्षा तिथंच घ्यायची, असं मी बायकोला सांगून निघालो होतो. स्वतःलाही सांगायला तेवढंच कारण बरं होतं.

हलकी पेटी पटकन नेली. मोठी काही एकट्याला उचलेना. दोन कड्या असतात त्या दोघांसाठी असतात. फरपटत नेली, पँट चिखलानं भरली. दोन्हींना वायर लावली, बायांच्या पायात येऊ नये म्हणून बांधाच्या कडेनं. तुझा पेनड्राईव्ह गाडीतच होता, मागच्या कामापासून राहिलेला. लावला.

"ज्या पाहुण्यांची झाकणाची स्टीलची डबी..."

गफ्फार, मी तयार नव्हतो. मला वाटत होतं मी पेटी ऐकायला आलोय. तुझा आवाज केळीच्या पानांतून आला, तसाच, थोडा नाकातला, 'स्टेजजवळ'वर जरा थांबणारा. मी पेटीकडं पाठ केली, तू करायचास तशी, आणि चालायला लागलो. रडत चालत होतो हे लिहायला लाज वाटत नाही, बघायला कोणी नव्हतं. हलक्या पेटीवर चाळीसेक पावलांवर 'झाकणाची' विरघळला. मोठीवर मी मळ्याच्या टोकाला पोचलो तरी तू डबीवाल्या पाहुण्याला बोलावतच होतास. तू बरोबर होतास. मोठीच ठेवतोय. हलकी उद्या परत जाईल.

टोकाला पोचलो तर केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून उभ्या होत्या. पुढं सुमनबाई. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी आवाज ओळखला.

"हा त्या नांदेडच्या भाऊंचा आवाज हाय ना? भाऊ आलेत का?"

तुम्ही त्यांना कसं ओळखता, असं मी विचारलं. आणि मग जे मला बारा वर्षांच्या दोस्तीत तू सांगितलं नव्हतंस, ते मला त्यांच्याकडून कळलं. शूटिंगनंतर आठ-दहा दिवसांनी तू एकटा तिथं गेला होतास. जुनी पेटी घेऊन, वायर घेऊन. त्या आठही जणींना गोळा करून सांगितलंस की बायांनो, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं, माझी पेटी चुकली. आणि नुसतं सांगून थांबला नाहीस. त्यांच्या घरच्यांनाही बोलावलंस, पारावर तेच गाणं लावलंस, आणि सगळ्या गावादेखत त्यांना त्याच ठेक्यात चालायला लावलंस. एकीचीही टाळी चुकली नाही. गावातले लोक आठ दिवस हसत होते, ते त्या दिवसानंतर हसायचे थांबले.

"लई भले मानूस," सुमनबाई म्हणाल्या. "चूक झाली तर कोन येतंय एवढ्या लांब सांगायला?"

मी सांगितलं, ते गेले. बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले.

तिथंच मला परत निघता आलं असतं. तुझी स्तुती ऐकून, डोळे पुसून, पेट्या भरून. भला माणूस म्हणून तुझं नाव त्या गावात राहिलंच असतं. पण तुझं नाव 'चूक करून कबूल करणारा' म्हणून राहिलं असतं, आणि चूक तर तू केलीच नव्हती. तू माझं ओझं त्या गावापर्यंत उचलून नेलंस, तेही एकट्यानं.

मी म्हणालो, सुमनबाई, ती पेटी त्यांची नव्हती. माझी होती. ते वायर टाकू म्हणत होते, मीच नको म्हणालो. तुम्ही डायरेक्टरला सांगत होता तेव्हा मी तिथंच उभा होतो. आणि मी हसलो होतो.

त्यांनी हातातल्या विळ्याचा चीक केळीच्या पानाला पुसला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "मग त्यांनी का घेतलं आपल्या अंगावर?"

मी म्हणालो, माझ्यासाठी.

"त्या सायबाला सांगितलं का तुमी हे?"

नाही.

त्यांनी विळा कमरेला खोचला आणि केळीच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. बाकीच्याही आल्या. कुणी मला फोन लाव म्हणालं नाही. पण कुणी कामालाही परत गेलं नाही. मी फोन काढला.

डायरेक्टरनं लगेच उचलला. हां बाला, बोल, म्हणाला, खुशीत होता. मी सांगितलं, अर्धापूरच्या गाण्यात मागची रांग चुकत होती ना, ती त्या बायकांची चूक नव्हती. गफ्फारचीही नव्हती. मागची पेटी मी आणली होती, ब्लूटूथवर मी चालवली होती, त्या दिवशी मी गप्प बसलो. गफ्फारला तुम्ही काढलंत ते माझ्यामुळं.

मग त्यानं विचारलं, "कोण गफ्फार?"

खोचकपणे नाही विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. दोन वर्षं ज्या माणसाच्या भीतीनं मी तुझ्याशी खोटा वागलो, त्याच्या डोक्यात तू एक दिवससुद्धा टिकला नव्हतास.

सुमनबाईंनी विचारलं, काय म्हणतात सायब. मी म्हणालो, विचारतात, कोण गफ्फार.

"मग सांगा की," त्या म्हणाल्या.

मी तिथंच बांधावर बसलो आणि सांगायला लागलो. तू पेटीची पाठ आधी का बघायचास, ते सांगितलं. त्या पावणेदोन ओळींच्या घोषणेचं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ताट सोडून मळ्याच्या टोकाला कोण गेलं होतं, पारावर गाणं कुणी लावलं, सगळं सांगितलं. तो मधे दोनदा म्हणाला, बरं बरं, आपण नंतर बोलू. मी फोन ठेवू दिला नाही. आठजणी ऐकत होत्या, मधेच सुमनबाई मला एखादं राहिलेलं सांगत होत्या, तेही मी त्याला सांगत होतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे दोन वाक्यांत झालं असतं, गफ्फार. परवा ऊन डोक्यावर येईपर्यंत सांगत होतो, तरी तू पुरा सांगून झाला नाहीस.